कार्डावर राख लिहिली नव्हती

शनिवार, १७ जानेवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटे. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या क्षणी जयूने ताटाचा फोटो काढला आणि फोन असल्या गोष्टी विसरत नाही. फोटोत एक पितळी ताट आहे. त्यात हिरव्या लसणीवर परतलेल्या रानकंदाच्या चकत्या आहेत. शेजारी बिअरचा ग्लास आहे. आणि ग्लासाला टेकवून एक गुळगुळीत छापील कार्ड उभं केलं आहे. फोटो मोठा केला की त्यावरची अक्षरं आजही वाचता येतात : ‘साल काढून, चकत्या करून, मीठ घालून वीस मिनिटे उकडा. किंचित कडवट चव हीच या कंदाची खासियत. थंड बिअरबरोबर उत्तम.’

त्यानंतर चाळीस मिनिटांनी माझी मैत्रीण कुंदा ओटीवरच्या खांबाला धरून म्हणाली, “लीला, माझी जीभ मला सापडत नाहीये गं.”

हे कार्ड ज्यांनी छापलं, त्यांनी ठपका ठेवला तो त्या घराची देखभाल करणाऱ्या ताराबाईंवर. त्यांचं काम काढून घेतलं. म्हणून हे लिहिते आहे. राजूर-भंडारदऱ्याकडे जायचा बेत असलेल्यांना रस्ते, खाणं, खर्च, सगळं यात सापडेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटचा मजकूर एका विशिष्ट माणसासाठी आहे आणि मला त्याला साक्षीदार हवे आहेत.

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही तिघी नगरच्या एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. कुंदा मूळची अलिबागकडची, बोर्डिंगमध्ये आली आणि नगरचीच झाली. जयू श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होती. मी विम्याच्या कचेरीत बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अपघात वाचले. आता तिघी निवृत्त. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी आम्ही कुणातरी एकीच्या घरी जमतो, प्रत्येकी एक पदार्थ करतो आणि बरोबर थंड बिअर पितो. हो, बिअर. तिघींकडे परवाने आहेत आणि माझा तर प्लास्टिकच्या पाकिटात असतो. शेजारच्या काकांना यात काय वाटतं ते त्यांनी जिन्यात तीनदा सांगून झालं आहे.

आमचे नियम दोनच. पहिला घास रांधणारीचा. आणि तिचा ग्लास संपेपर्यंत दुसऱ्या कुणी पदार्थाबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हा दुसरा नियम माझ्या जिभेमुळे करावा लागला, कारण पूर्वी मी कुंदाचं पहिलंच तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण तोंडात घालताच जे बोलले, त्यानंतर ती दोन महिने आली नव्हती. नियम चांगला वाटत होता. तो आमच्या अंगावर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं.

बेत जयूने आणला. राजूरच्या पुढे, धरणाच्या बाजूला डोंगरउतारावर एक घर भाड्याने मिळतं. पुण्याचे मालक, दोन खोल्या, मोठं स्वयंपाकघर. जाहिरातीत लिहिलं होतं : ‘स्वतः रांधा. रानातलं ताजं साहित्य आणि पाककृती आम्ही देऊ.’ दोन रात्रींचे तिघींत मिळून नऊ हजार. कुंदा हरखली. मी मात्र घाबरले. मी मुळात भित्री आहे, आणि बत्तीस वर्षं दाव्यांची कागदपत्रं वाचलेल्या बाईला भिण्यासाठी कल्पनाशक्ती लागत नाही. मी घाटातली वळणं, बिबटे, गॅस सिलिंडरची नळी आणि गुळगुळीत फरशीची न्हाणी या सगळ्यांची काळजी केली. कुंदाच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवल्या. टोपलीतल्या भाजीची काळजी केली नाही.

शुक्रवारी सकाळी सातला नगरहून निघालो. जयूची गाडी, जयूच चालवणार. राहुरीपर्यंतचा रस्ता कसा आहे ते जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको आणि बाहेरच्यांनी कंबरेचा पट्टा बांधूनच यावं. कोल्हारहून डावीकडे वळून लोणीमार्गे संगमनेर. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे जिथे अडकाल तिथे शांत बसा, ओव्हरटेक करू नका. संगमनेरला नाश्ता केला, तिथेच सहा कॅन आणि बर्फ घेऊन थर्मोकोलच्या खोक्यात भरले. दुकानदाराने विचारलं, “काकू, साहेबांसाठी का?” कुंदा म्हणाली, “साहेब वारले, आता माझ्यासाठी.” त्याने बर्फाचे पैसे घेतले नाहीत.

अकोले गाव सोडलं की हवा बदलते. ऊस मागे राहतो, डोंगर अंगावर येऊ लागतात, हिवाळ्यात कापलेल्या भातखाचरांचा पिवळा रंग दिसतो. राजूरला थांबून पेढे घ्या. आम्ही अर्धा किलो घेतले आणि घरापर्यंत पोहोचेस्तोवर पाव उरले. राजूरपासून पुढचा रस्ता अरुंद आहे आणि काही ठिकाणी काम चालू होतं. फोनची रेंज एका वळणावर येते, दुसऱ्यावर जाते. मी मनातल्या मनात रेंज असलेली वळणं मोजत होते. जयू म्हणाली, “बाई, खिडकीबाहेर बघ जरा, डोंगर दिसतायत.” मी म्हटलं, “दिसतायत, म्हणूनच मोजतेय.”

ताराबाई दारातच उभ्या होत्या. पंचेचाळीस-पन्नासच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. घर त्या झाडतात, पाणी भरतात, पाहुण्यांना पहिल्या संध्याकाळी जेवू घालतात. त्या दिवशी त्यांनी नाचणीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे आणि कच्च्या मिरचीचा ठेचा केला. शेंगोळे ही जयूची मक्तेदारी. तिने पहिला घास घेतला, थांबली आणि म्हणाली, “मी उद्यापासून शेंगोळे करत नाही.” ताराबाई लाजल्या. आम्ही एकेक कॅन उघडला. मी त्यांना विचारलं, “तुम्हाला चालणार नसेल ना आम्ही हे...” त्या म्हणाल्या, “मला काय व्हतंय? आमच्यात लग्नाला म्हवाची दारू आस्ती. तुमची लई गार दिसती, दात दुकतील बगा.”

ती संध्याकाळ चांगली गेली. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणी तिकडे जायचंच टाळू नये.

शनिवारी सकाळी ओट्यावर मालकांच्या सांगण्याप्रमाणे भरून ठेवलेली वेताची टोपली होती. त्यात हिरवी लसूण, घेवड्याच्या शेंगा, आंबट चुका, आणि तीन मोठे कंद. बाहेरून मातकट, केसाळ, आत पिवळसर. टोपलीत ते कार्ड. कुंदाने कंद हातात घेतला आणि तिचा चेहरा एकदम दहा वर्षांच्या मुलीसारखा झाला. “करांदे! अगं, आमच्याकडे पौषात आई मिठात उकडायची. किती वर्षांनी बघतेय!”

ताराबाई घागर घेऊन आत आल्या होत्या. त्यांनी टोपलीकडे बघितलं, मग आमच्याकडे.

“ह्यो करांदा न्हाई, बाई. ह्यो कडू कंद हाय. ह्याला राख घालावी लागती. राखंत उकडायचा, पानी फेकायचं, परत उकडायचा, मंग रातभर वाहत्या पान्यात ठिवायचा. आज केला तर उद्या खायाचा.”

कुंदा हसली. “अहो, मी लहानपणापासून खाल्लेत.”

आणि आता मी काय केलं ते. मला कुणी विचारलं नव्हतं. मी कार्ड उचललं, चष्मा लावला आणि ताराबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मीठ घालून वीस मिनिटे. “यात राखेचं काही नाही,” मी म्हटलं. “छापणाऱ्यांनी विचारूनच छापलं असेल ना, ताराबाई?”

“कागदात आसंल तर आसंल,” एवढं म्हणाल्या आणि घागर घेऊन विहिरीकडे गेल्या. आमच्या शाळेत सिस्टर शिकवायच्या की बोलण्याला किंमत नसते, लिहिलेल्याला असते. मी ती शिकवण पन्नास वर्षं जपली. विम्याच्या कचेरीत तर तीच भाकरी होती. ती जपायला त्या सकाळी मी एका जाणत्या बाईला गप्प केलं.

कुंदाने कंद सोलले, पातळ चकत्या केल्या, मिठात उकडल्या, लसणीवर परतल्या. वास उत्तम होता. जयूने फोटो काढला. पहिला घास कुंदाचा. तिने खाल्ला, बिअरचा घोट घेतला, भुवया वर केल्या, पुन्हा खाल्लं. मी दोन चकत्या खाल्ल्या. कडवट होत्या, पण बिअरही कडवटच, आणि कार्डावर लिहिलंच होतं. मी आणखी दोन खाल्ल्या. जयूला दुपारी गाडी चालवून धरण बघायला जायचं होतं म्हणून तिच्या हातात लिंबाचं सरबत होतं. तिने एक चकती तोंडात घातली आणि उठून मोरीत थुंकून आली. तोंड वाकडं करून माझ्याकडे बघत बसली. बोलली नाही. कुंदाचा ग्लास अजून संपला नव्हता.

कुंदाने ताट संपवलं. लहानपणीची चव शोधत होती ती, असं नंतर म्हणाली. प्रत्येक घासाला वाटत होतं की पुढच्या घासात सापडेल.

दोन वाजत आले तेव्हा तिच्या ओठांना मुंग्या आल्या. मग जीभ जड. मग घाम. जानेवारीतल्या त्या गार हवेत तिच्या कपाळावरून पाणी टपकत होतं. तिने ओटीच्या कडेला बसून ओकायला सुरुवात केली आणि ते थांबेना. मी तिची पाठ धरली होती. मी तोंडातल्या तोंडात माझी जीभ दातांवरून फिरवून बघत होते. वरचे दात लागतात. खालचे लागतात. टोकाला काहीतरी वेगळं वाटतंय का? चार चकत्या. मी चार खाल्ल्या. हे मी कुणाला सांगितलं नाही. मैत्रीण डोळ्यांसमोर कोसळत असताना बाई स्वतःच्या चकत्या मोजते, हे त्या दिवशी मला स्वतःबद्दल कळलं.

जयू ओरडली, “ताराबाई!” त्या धावत आल्या. त्यांनी ताट बघितलं, कढई बघितली आणि कपाळाला हात लावला. “केलाच व्हय गं बाई.” एवढंच. रागाचा एक शब्द नाही. कुंदाच्या तोंडावर पाणी मारलं, तिला एका हाताने उचलून उभं केलं. निघता निघता ओट्यावरच्या सालीचा आणि उरलेल्या कंदाचा तुकडा पदराच्या टोकाला बांधला. मला वाटलं, काय हे, आत्ता आवराआवर कसली.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी निघाली. मागच्या सीटवर कुंदा, तिचं डोकं ताराबाईंच्या मांडीवर. पुढे मी फोन घेऊन. पहिलं रेंजचं वळण आलं तेव्हा मालकांचा नंबर लागला. जाहिरातीत लिहिलं होतं की अडचणीला ते केव्हाही हजर असतात.

“मॅडम, काय झालं?”

मी सांगितलं. कंद, उलट्या, जीभ.

“बिअर घेतली होती का?”

“घेतली होती. एक ग्लास.”

फोनवर हलकं हसू आलं. मी ते ऐकलं, मला भास झाला नाही. “मॅडम, या वयात दुपारची बाधते. लिंबूपाणी द्या, झोपवा. कंद तर आमचे सगळे गेस्ट खातात.”

“कार्डाप्रमाणे उकडून?” मी विचारलं. तेवढ्यात वळण संपलं आणि रेंज गेली.

कुंदा आता बोलत नव्हती. मागे वळून पाहिलं तर तिचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ताराबाई तिच्या गालावर चापट्या मारत होत्या. “ए आक्का, झोपायचं न्हाई. झोपायचं न्हाई हां. तुमचं गाव सांगा मला. कंच्या गावच्या तुमी?” कुंदा काहीतरी पुटपुटली. “मोठ्यानं. मला आयकू येत न्हाई.” “...अलिबाग.” “तितं समुंदर आस्तो म्हंत्यात. खरं हाय का? किती मोटा आस्तो?” आणि कुंदा, जी शुद्धीत नव्हती की होती हे मला कळत नव्हतं, ती अडखळत सांगायला लागली की किती मोठा असतो.

रस्त्याचं काम चालू होतं तिथे लाल झेंडा घेऊन एक माणूस उभा होता. समोरून रोलर येत होता. जयूने हॉर्न वाजवला, त्याने हाताने ‘थांबा’ केलं. जयू, जिला मी पन्नास वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, तिने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. ताराबाईंनी काच खाली केली.

“ए दगडू! बाई मरायला लागलीय हितं, झेंडा काढ तुजा!”

“पुढं रोलर हाय गं तारे, कुठून जाशील?”

“त्याला मागं घे! तुज्या पोरीच्या बाळातपनाला मी आल्ते का न्हाई? घे मागं!”

रोलर मागे गेला. खरंच गेला, हळूहळू, धूर सोडत. ती तीन-चार मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. मागून कुंदाचा आवाज येईना. मी वळून बघायला घाबरत होते. मी समोरच्या डांबरावरच्या खडीकडे बघत होते आणि मनात शाळेतली प्रार्थना म्हणत होते, जी मी निवृत्त झाल्यापासून म्हटली नव्हती, आणि तिची तिसरी ओळ मला आठवेना. तिसरी ओळ आठवली नाही तर कुंदा जाईल, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. भीतीने माणूस इतका मूर्ख होतो.

तिसरी ओळ आठवली नाही. कुंदा गेली नाही.

सव्वातीनच्या सुमारास त्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यात पोहोचलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने कुंदाला तपासलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. “किती घेतली होती आजींनी?” तिचं चुकलं नाही. बिअरचा वास येत होता आणि मी कंदाचं सांगत होते तेव्हा माझे शब्द एकमेकांत अडकत होते. मी मूर्खासारखा परवाना काढून दाखवला. तिला परवान्याचं काय करायचं होतं?

तेव्हा ताराबाई पुढे आल्या, पदराची गाठ सोडली आणि टेबलावर कंदाचा तुकडा ठेवला.

“ह्यो खाल्लाय. बिनराखेचा. ताटभर.”

शेजारच्या नर्सबाई वाकल्या. “अगं बाई! कडू कंद, आणि राखेशिवाय?” त्या त्याच भागातल्या होत्या. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यानंतर सगळं भराभर झालं : सलाइन, इंजेक्शन, नाडीवर लक्ष. मलाही एका खाटेवर बसवून तपासलं. चार चकत्या मी तेव्हा कबूल केल्या. डॉक्टर म्हणाल्या, वेळेत आणलंत आणि काय खाल्लं ते कळलं, म्हणून बरं. रक्तदाबाच्या पेशंटच्या हे जिवावर बेतलं असतं.

कुंदाची जीभ संध्याकाळी परत आली. पहिलं वाक्य होतं, “लसूण जरा कमी पडली होती.” जयू इतकी हसली की बाहेर जाऊन रडली.

सोमवारी सकाळपर्यंत कुंदाला तिथेच ठेवलं. रविवारी दुपारी दवाखान्याच्या पायरीवर मी ताराबाईंची माफी मागितली. सहा दशकांत मी कुणाची धड माफी मागितलेली नाही, त्यामुळे जमली नाही. त्यांनी मध्येच थांबवलं.

“तुमचं काय चुकलं? आधी मीच उकडून द्यायचे. दोन दिस आदी राखंत घालून, झऱ्यात ठिवून. मंग मालक म्हनले, राखंत हात घातल्यालं गेस्टला बघवत न्हाई. कच्चाच दे, त्येंना सोताला करायचं आस्तं. मी बोल्ले त्येंना, आसा चालत न्हाई. तर म्हनले, कार्ड छापलंय.”

म्हणजे मी एकटीच नव्हते. त्या बाईला त्याच कार्डाने दोनदा गप्प केलं होतं. एकदा मालकांनी, एकदा मी.

घरी आलो. पेट्रोल, राहणं, बाकी खाणंपिणं, सगळं मिळून प्रत्येकी पाच हजारांच्या आत झालं. दवाखान्यात केसपेपरशिवाय काही द्यावं लागलं नाही. मालकांना मी सविस्तर पत्र पाठवलं. पाच दिवसांनी त्यांची इंग्रजी मेल आली, त्यात व्याकरणाच्या चार चुका आणि दोन खोटी वाक्यं. मराठीत सांगायचं तर : पाहुण्या दारूच्या अमलाखाली होत्या. देखभाल करणाऱ्या बाईने परवानगीशिवाय धोकादायक रानपदार्थ पाहुण्यांना दिला. तिला कामावरून कमी केलं आहे. विषय संपला.

विषय संपला नव्हता, कारण दुसऱ्या दिवशी ताराबाईंचा जावेच्या फोनवरून फोन आला. मालकांनी एका कागदावर त्यांची सही घेतली होती. पगाराचा कागद म्हणून. मी म्हटलं, फोटो पाठवा. कागद इंग्रजीत होता. त्यात लिहिलं होतं की कंद मी माझ्या मर्जीने शिजवून पाहुण्यांना वाढला. खाली ताराबाईंची सही, शाळेत गिरवलेल्या गोल अक्षरांत.

मी त्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “मी शिजवलाच न्हाई. मी तर खाऊ नका म्हनले.”

“मला माहीत आहे.”

“तुमी व्हता की तितं.”

“होते, ताराबाई.”

त्या घराच्या कामावर त्यांचं वर्ष चालायचं. आता गावात असं पसरलं आहे की ताराने शहरातल्या बायकांना कंद घालून मारायला घेतलं होतं. जिच्या हातचं खायला लग्नाघरून बोलावणं यायचं, तिच्या हातचं पाणीसुद्धा लोक बघून पितात. हे मला त्यांनी नाही सांगितलं, जावेने सांगितलं.

मी विचारलं, मी हे सगळं लिहू का? तुम्हाला त्रास होईल. मला खरंच भीती वाटत होती. मी इथे नगरमध्ये दार लावून बसणार आणि त्या तिथे त्याच रस्त्याने जाणार-येणार. त्या म्हणाल्या, “लिवा. पर राख पन लिवा. कुनी वाचून करायला गेलं तर नीट करंल.”

म्हणून लिहिते, त्यांनी फोनवर सांगितलं तसं. कडू कंद सोलून पातळ चकत्या करायच्या. चुलीतली लाकडाची राख पाण्यात कालवून त्यात उकडायच्या. ते पाणी फेकायचं. पुन्हा राख, पुन्हा उकडायच्या. मग टोपलीत घालून वाहत्या झऱ्यात रात्रभर ठेवायच्या. सकाळी जिने उकडलं तिने नखाएवढा तुकडा चाखायचा, आणि लगेच दुसरा घास घ्यायचा नाही. पाण्याची एक खेप करून यायचं. तोवर जीभ ठीक असेल आणि कडू लागलं नसेल, तरच बाकीच्यांना द्यायचा. कडू लागलं तर आणखी एक रात्र झऱ्यात. आणि माझं म्हणणं असं की हे वाचून घरी करायला जाऊ नका. लिहिलेलं पुरत नाही. शेजारी करणारी बाई लागते.

काय उरलं? परवाच्या शनिवारी आम्ही पुन्हा जमलो, कुंदाच्या घरी. तिने साधं पिठलं-भात केला. जयूने बिअर ओतली. पानं वाढली. पहिला घास रांधणारीचा. कुंदाने घास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. पिठलं आहे गं, मी म्हणणार होते, पण नाही म्हणाले. मी माझा चमचा तिच्या पानात घातला, थोडंसं पिठलं घेतलं, खाल्लं. मग ताराबाईंचं ऐकून उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला. मी माझी जीभ दातांवरून फिरवली. “ठीक आहे,” मी म्हटलं. मग कुंदा जेवली. पन्नास वर्षं जुन्या मैत्रिणीला स्वतःच्याच पिठल्याची भीती वाटावी, ही त्या कार्डाची कमाई.

आता त्या विशिष्ट माणसासाठी. माझ्या वकील मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी तुमचं किंवा तुमच्या घराचं नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला कळेलच. तुम्हाला लिहिलेल्याचं महत्त्व वाटतं, मलाही वाटतं, तेव्हा आपण लेखीच बोलू. ते कार्ड प्रत्येक टोपलीतून काढलं आहे, ते कुणी लिहिलं होतं आणि कुणाला विचारून लिहिलं होतं, हे सांगा. ताराबाईंनी सही केलेला तो इंग्रजी कागद त्यांच्या हातात परत द्या. त्यांना कामावर पुन्हा घेतलं आहे, आणि त्यांनी आम्हाला कंद खाऊ नका असं सांगितलं होतं, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, त्यांना वाचता येईल असं लिहा आणि एक प्रत राजूरच्या बाजारात चार माणसांसमोर त्यांना द्या. दुसरी प्रत मला. त्यांनी सांगितलं होतं याची साक्ष मी देईन, कारण त्यांचं न ऐकणारी मीच होते. जयूचा फोटो, दवाखान्याचे कागद आणि तुमची मेल माझ्या फायलीत लावून ठेवली आहेत. फाइल कशी ठेवायची ते मला येतं.

उत्तर लेखी हवं, तुमच्या सहीचं. फोन करू नका, हसू ऐकू येतं. शनिवार, २८ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत.